शिडाचं पोट

साल एकोणऐंशी. माझं वय चोवीस. आखाड लागलेला आणि सोलापुरात वारं सुटलेलं.

ह्या वाऱ्याचं एक आहे, ते तेव्हाही फसवत नव्हतं आणि आता माझ्या म्हातारपणीही फसवत नाही. पाऊस फसवतो. आमच्याकडं तर तो फसवायलाच जन्माला आलाय. पण आखाड लागला की पश्चिमेकडनं वारं येतं म्हणजे येतंच. ढग वरनं पळत जातात, खाली बघतसुद्धा नाहीत. नांगरून टाकलेल्या रानातली माती उठून घरात येते, भाकरीला कचकच लागते. पत्र्यावर ठेवलेले दगड सरकतात. चौकातले वाढदिवसाचे फलक फाटतात आणि पुढाऱ्यांचे अर्धे चेहरे तारेला लोंबत हात जोडत राहतात. गार असतं, पण कोरडं. सगळं पाणी तिकडं कोकणात टाकून रिकाम्या हातानं आमच्याकडं येतं. लेकीच्या घरी रिकाम्या हातानं आलेल्या बापासारखं ते दारं वाजवतं आणि पुढं निघून जातं.

यंदाही आलं. सून गच्चीवरनं खाली आली, डोक्यावरचा पदर दातात धरलेला.

"मामा, वरची ताडपत्री फाटंल बगा. किती फडफडतीया. दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाय."

"फडफडणारच. पिलास्टिक हाय ते. आन् बांदलीया कुनी?"

"तुमच्या लेकानंच की."

"मंग झालं तर."

ती हसली. मी हसलो नाही. गुडघ्यांमुळं मला जिना चढवत नाही, नाहीतर वर जाऊन दोन गाठींत ती गप्प केली असती. फडफडणाऱ्या कापडाचा आवाज मला सोसत नाही. घरातल्यांना वाटतं म्हातारा तऱ्हेवाईक झाला. झालो असेन. पण ह्या आवाजाचं आणि माझं जे आहे ते ह्यांच्या जन्माआधीचं आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. मास्तर म्हणायचे, ह्याचं अक्षर बरं आहे पण डोकं दगडाचं. अक्षर अजून बरं आहे. डोक्याचंही काही बदललेलं नाही. तेव्हा हे जसं आठवतं तसं लिहितो, कुणाला पुढंमागं वाटलं तर वाटू दे.

आमचं काम जाड कापडाचं. ट्रकच्या ताडपत्र्या, लग्नाचे मांडव, तंबू. पण आमचे वडील, अण्णा, मुळात मिलमधले. जाड कापडाच्या खात्यात मागावर उभे राहून त्यांचा जन्म गेला. छातीत कापूस भरला, खोकला लागला, तेव्हा मिलनं त्यांना घरी पाठवलं. ते घरी आले आणि विणायचं सोडून शिवायला बसले. तळहाताला चामड्याचा पट्टा, हातात दाभण, मांडीवर मेणाचा गोळा. दोरा मेणातनं ओढायचा, मग दातात धरून ताणायचा, मग टाका. कापडाच्या वासाबरोबर मेणाचा वास आमच्या घराला कायमचा बसला होता. आजही कुठं मेणबत्ती विझली की मला अण्णा शेजारी बसल्यासारखे वाटतात.

आमच्या धंद्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक, झोळ चालायचा नाही. कापड कसं, पसरलं की पाण्यासारखं सपाट पडलं पाहिजे. मध्ये फुगलं, पोट आलं, की त्याला झोळ म्हणायचं, आणि झोळ म्हणजे आमच्यात शिवीच. चादरीत झोळ निघाला तर ती पेठेत जायची नाही, बाहेर ढिगात पडायची. मिलमध्ये अण्णांनी झोळ निघालेल्या ताग्यापायी माणसं रडताना बघितली होती. त्यांच्या स्वतःच्या मागावर मात्र कधी झोळ निघाला नाही. हे ते आम्हाला सांगत नसत. आई सांगायची, ते ऐकत बसायचे.

दुसरी गोष्ट गाठीची. शिवण संपली की शेवटी गाठ मारायची, आणि ती गाठ ज्यानं मारली त्यानंच सोडायची. चुकलं, मोडलं, उसवायचं झालं, तरी आधी त्याला बोलवायचं. त्यानं आपल्या हातानं गाठ सोडली, की मग टाके कुणीही काढावेत. दुसऱ्याची गाठ कापणं म्हणजे त्याच्या तोंडावर, तुला काम येत नाही, असं म्हणणं. माणूस गेला असेल तर त्याची शिवण कुणी उसवतच नसे, वरनं ठिगळ लावायचे. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. माझ्या आज्यापासून होता.

ह्या दोन पक्क्या गोष्टी घेऊन आम्ही बापलेक समुद्राकडं गेलो, हीच काय ती गोष्ट.

सोलापूरच्या माणसानं जहाज कशाला बघायचं? आम्ही मोठं पाणी बघितलं ते सिद्धेश्वराच्या तळ्याचं, फार तर उजनीचं. पण कोकणात, रत्नागिरीच्या बाजूला, एका खाडीत एक जुनं शिडाचं जहाज होतं. तीन डोलकाठ्यांचं. पोरांना खलाशीपण शिकवायची ती तरंगती शाळाच. पावसाळाभर ते खाडीत नांगरून ठेवायचे, वरची शिडं, दोर उतरवून काठावरच्या शेडमध्ये न्यायचे, डागडुजी करायचे. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला की पोरांना घेऊन ते बाहेर पडायचं. त्याची शिडं कुजली होती आणि ती शिवणारा त्यांचा जुना कारागीर मेला होता. जाड सुती कापड सोलापुरात मिळतं म्हणून त्यांचा माणूस आला, आणि कापडाबरोबर शिलाईही अण्णांच्या गळ्यात घालून गेला. मापं दिली, चारी बाजूंची. अण्णांनी उन्हाळाभर एका रिकाम्या गोदामाच्या फरशीवर शिडं शिवली. कापडाची कड फरशीच्या सांध्याला जुळवून. मी पट्टे धरायला, दोरा ओढायला. शिवणी अण्णांच्या. पट्ट्याला पट्टा जोडताना वरपासून खालपर्यंत शिवण एकाच रुंदीची, सूतभर इकडं नाही, सूतभर तिकडं नाही. पसरलं तर गोदामाच्या फरशीवर दुसरी फरशी घातल्यागत दिसायचं. शेजारचा यल्लप्पा टॉवेलवाला बघायला आला आणि चप्पल काढून आत शिरला. देवळात शिरतात तसा.

शिडं ट्रकनं गेली. आखाडात शेजारच्या दुकानात फोन आला, दोघंही या, शिडांचं बोलायचंय.

अण्णांना वाटलं, शाबासकी द्यायला बोलावलंय. त्यांनी धुतलेला सदरा घातला. आंबा घाटात गाडीच्या खिडकीतनं ढग आत आले तेव्हा ते खोकून खोकून निळे पडले, तरी म्हणाले, "बग, आपलंच वारं. हितं ओलं हाय, येवढंच."

जहाजाला त्या काठावर सगळे नावानं हाक मारत. ते नाव मी लिहीत नाही, तीनदा बदललेलं नाव, लिहून काय करायचं. तिथला तांडेल, म्हणजे शिडांचा आणि खलाशांचा मुकादम, तो तिला नुसतं "म्हातारी" म्हणायचा. समुद्रावरच्या खारवी जातीचा होता. काळा, सुकलेला, बोटं दोर ओढून ओढून वाकडी झालेली. पूर्ण मूठ उघडायची नाही आणि पूर्ण मिटायचीही नाही. त्यानंच मला तिची सगळी कुंडली सांगितली.

कुठल्यातरी थंड मुलुखात तिला बांधलं. तेव्हा ती मालवाहू होती. लोकर, धान्य, लाकूड, जे मिळेल ते पोटात घालून समुद्र पालथे घालायची. मग आगबोटी आल्या. आगबोटीला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, म्हातारीला लागायची. व्यापाऱ्यांनी तिला सोडलं. पडून राहिली असती, पण कुणालातरी सुचलं, माल नाही तर पोरं वाहील. जिथं पोती रचायची तिथं जाड कापडाच्या झोळ्या टांगल्या, पोरं त्यात निजू लागली. पण माल गेला तसं वजन गेलं, आणि पोटात वजन नसलं की शिडाचं जहाज उभंच राहत नाही, वारं त्याला आडवं करतं. म्हणून तळात दगड भरले. त्या भाराला निरम म्हणतात. तांडेलानं कंदील घेऊन मला खाली नेलं. ओले काळे दगड, हारीनं लावलेले, आणि त्यांच्यामधनं पाण्याचा बारीक आवाज.

"ह्यातले काय दगड त्या थंड मुलखातले हायत," तो म्हणाला. "आता ते पण आपलेच."

बरगड्या लोखंडाच्या आणि अंग सागवानाचं. सगळं लाकडाचं केलं तर एवढी लांबी पेलत नाही, सगळं लोखंडाचं केलं तर त्या काळी पाण्याखाली लोखंडावर शेवाळ, शिंपल्या चिकटायच्या आणि जहाज जड व्हायचं. म्हणून ही युक्ती. पाण्याखालच्या लाकडाला तांब्याचा पत्रा ठोकलेला, नाहीतर समुद्रातला किडा ते पोखरून खातो. पुढच्या दोन डोलकाठ्यांना आडव्या काठ्या आणि त्यांच्यावर चौकोनी शिडं, ती मागनं येणाऱ्या वाऱ्यासाठी. मागच्या डोलकाठीला उभं शीड, बाजूच्या वाऱ्यासाठी. सुकाणूला एकामागं एक दोन चाकं, म्हणजे वादळात चार पोरांना एकदम धरता यावं.

मी विचारलं, "इंजिनं आलीत की आता. पोरांना शिडाचं कशाला शिकवायचं?"

तांडेल थुंकला. "इंजिनाला एक माणूस बटण दाबतो. हितं एक शीड चढवायला दहाजण एका दमात ओढतात. दहातला एक जरी स्वतःला शहाणा समजला, तर शीड अर्ध्यात अडकतं. ते शिकवायला हाय म्हातारी."

हे तो मला सांगत होता, पण बघत होता अण्णांकडं.

अण्णांना ते जहाज पहिल्या दिवसापासून पटलं नाही. ते एक डोळा मिटायचे आणि कठड्यावरनं नजर लावायचे, मागाचा ताणा बघावा तशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांडेलाला गाठलं.

"तांडेल, तुमची ही फरशी वाकडी हाय."

"डेक म्हणतात त्याला. मध्ये उंच, कडेला उतार. नायतर पाणी साचेल."

"आन् पुडं नि मागं वर उचलल्याली?"

"लाट चढू नये म्हणून."

"त्यो खांब? ओळंब्यात न्हाय त्यो. मागं कललाय."

"वारा पुढं ढकलतो, म्हणून तो मागं रेलतो."

"म्हंजे एक तरी वस्तू सरळ केलीया का न्हाय तुमी ह्या जहाजात?"

"हाय की एक," तांडेल म्हणाला. "तुम्ही शिवलेलं शीड."

आजूबाजूचे खलाशी हसले. एकजण हसता हसता खाली बसला. अण्णा तिथनं उठून शेडमध्ये गेले आणि आपल्या शिडाच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसले. मी त्यांच्याजवळ गेलो तर म्हणाले, "जेवून ये जा." त्यांनी मात्र जेवण केलं नाही.

तांडेलाचं म्हणणं असं होतं. शिडाला पोट लागतं. सपाट कापडावर वारं टिकत नाही, घसरून जातं आणि कापड नुसतं फडफडतं. पोट असलं की वारं त्यात बसतं, आणि मग जहाज चालतं. ते पोट शिवणीतनं येतं. पट्ट्याला पट्टा जोडताना दोन्ही टोकांना शिवण रुंद धरायची, मध्ये अरुंद. टोकाला कापड जास्त खाल्लं की मधलं आपोआप फुगतं. अण्णांची शिवण वरपासून खालपर्यंत एका रुंदीची होती. सोलापुरात त्या कामाला हात लावून नमस्कार केला असता. इथं ती चादर ठरली. मापं देणाऱ्यानं पोटाचं सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं एवढं कुणालाही ठाऊक असणार. आणि आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही जन्मभर कापडातलं पोट घालवतच आलेलो.

"चादरवाले," तांडेल अण्णांना म्हणाला, "ही डोकीवरची टोपी सपाट शिवलीय काय?"

"डोकं गोल हाय म्हनून टोपी गोल. वाऱ्याला काय डोकं असतं?"

"डोकं नसतं. पण घर मागतो तो."

"कापडात झोळ घालून मी कुनाला घर देनार न्हाय. उभ्या जन्मात घातला न्हाय."

तांडेल हटवादी होता, पण मूर्ख नव्हता. संध्याकाळी तो पुन्हा आला. डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि अण्णांसमोर उकिडवा बसला. "बाबा," म्हणाला, "तुमच्यासारखी शिवण मी बघितली नाय. देवाशप्पथ. माझी बोटं धड असती तर मीच केलं असतं. तुम्ही नुसती टोकं उसवा. मी दोरा मेणवून देतो. तुमचा पोरगा सुई धरेल. म्हातारी एकदा समुद्राला लागू दे."

अण्णा म्हणाले, "मी काय चुकलो का?"

तांडेलानं थोडा वेळ मान खाली घातली. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरला असता. पण तो म्हणाला, "होय."

झालं. तो "नाय" म्हणाला असता तर अण्णांनी सगळं उसवलं असतं. मला अजून असं वाटतं.

जहाजाचे साहेब फार बोलत नसत. त्यांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. म्हणाले, नारळी पौर्णिमेपर्यंत शिडं लागली तर बाहेर पडू. नाहीतर पोरांना मोटारबोटीवर पाठवायचं, आणि हे जहाज मोडीत काढायचं. वरचे लोक तेवढंच निमित्त बघतायत. असं म्हणून त्यांनी बुटाच्या टाचेनं डेकवर हलकेच ठोकलं. ठोकलं म्हणजे, आपण म्हशीच्या पाठीवर थाप मारतो तशी थाप होती ती.

ही कोंडी होती. म्हातारी वाचायची तर अण्णांच्या गाठी सुटायला हव्यात, आणि अण्णा त्या सोडणार नाहीत. आणि त्या शेडमध्ये दाभण धरता येणारा तिसरा माणूस नव्हता. अण्णा, आणि मी.

आता इतक्या वर्षांनी मी ह्यावर विचार करतो तेव्हा मला अण्णांचा राग येत नाही. आमच्या गल्लीतले सगळे माग थांबले, मिलच्या चिमणीत पिंपळ उगवला, माझी दाभणंही मी कागदात गुंडाळून ठेवली, तेव्हा मला कळलं की माणसाजवळ शेवटी एकच गोष्ट उरते, जी त्याला नीट येते. अण्णांचं फुफ्फुस मिलनं घेतलं होतं, नोकरी घेतली होती. सरळ कापड तेवढं त्यांचं होतं. आणि एक खारवी येऊन म्हणतो, ते वाकडं कर. मी त्यांच्या जागी असतो तर? मी पण नाहीच केलं असतं. दगडाचं डोकं मी कुठनं आणलं असेल!

पण मी त्यांच्या जागी नव्हतो. मी माझ्या जागी होतो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवल्यासारखं होणार नाही. म्हातारी त्या वर्षी बाहेर पडली. नारळी पौर्णिमेला मी काठावर होतो. लोकांनी पाण्यात नारळ सोडले, पोरं काठ्यांवर चढली, एकानं आरोळी दिली आणि मागच्या डोलकाठीचं शीड वर गेलं. आधी फडफडलं. मग वारं त्यात शिरलं आणि ते एकदम गप्प झालं. तांडेलानं मला लांबनं हात केला, तोच न उघडणारा न मिटणारा हात. शिडाचं पोट कसं असतं ते मी बघितलं. पाच महिन्यांच्या पोटुशी बाईसारखं. मी बघितलं, अण्णांनी बघितलं नाही.

घरी आलो तर अण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर बोललेच नाहीत. म्हणजे मुके झाले नव्हते. आईला सांगायचे, त्याला म्हनावं दोरा आन. त्याला म्हनावं दार लाव. मी समोर असायचो. आई मध्ये उभी राहून तेच पुन्हा बोलायची, आणि एकदा वैतागून म्हणाली, "मी काय पोष्टमन हाय का तुमा दोगांचा?" अण्णा हसले. माझ्याकडं न बघता हसले.

आलो त्याच दिवशी, चुलीपुढं, त्यांनी आईला हळू विचारलेलं मी ऐकलं. आई बाहेर आली.

"तुजा बा इचारतोय, फुगलं का."

"फुगलं म्हनावं."

आई आत गेली. आत काही आवाज झाला नाही, खोकल्याचासुद्धा.

पुढच्या आखाडात, हेच वारं सुटलेलं असताना, अण्णा गेले. खांदा देताना तिरडीवरचं कापड सारखं उडत होतं. मी ते चारी बाजूंनी खोचलं, घट्ट, सपाट. त्यांना आवडलं असतं तसं.

आणि म्हातारी? दोन-तीन हंगाम चालली. मग वरच्या लोकांना दुसरं निमित्त सापडलं. खूप वर्षांनी माझ्या लेकाच्या सासुरवाडीतल्या एका लग्नाला तिकडं गेलो होतो, तेव्हा मुद्दाम खाडीवर गेलो. सागवान लोकांनी काढून नेलं होतं. घराघरांत त्याच्या चौकटी, झोपाळे झाले म्हणे. चिखलात नुसत्या लोखंडी बरगड्या उभ्या, आणि त्यांच्यामध्ये ते काळे दगड, हारीनं लावलेले तसेच. त्यांना कुणी नेलं नव्हतं. तांडेल कधीच वारला होता. एका बाईला विचारलं, इथं शिडाचं जहाज होतं ना? ती म्हणाली, "असेल बा. आमच्यावेळी नव्हतं."

म्हणजे काय राहिलं? दोन-तीन हंगामांचं चालणं. त्यासाठी मी बाप गमावला. लोक म्हणतील, चुकलास. म्हणू देत. त्या पोरांतली काही अजून कुठल्या तरी समुद्रावर असतील, म्हातारी झाली असतील, त्यांना दहाजणांनी एकदम ओढणं ठाऊक असेल. मी पुन्हा तेच करीन. पण आखाडात हे वारं सुटलं, आणि गच्चीवर ते प्लॅस्टिक फडफडायला लागलं, की हे "पुन्हा तेच करीन" मला स्वतःला मोठ्यानं सांगावं लागतं.

आता तो शेवटचा दिवस तेवढा राहिला.

पाऊस थोडा उघडला होता, वारं मात्र जोरात. तांडेलानं अण्णांना डेकवर बोलावलं. भांडण नको, म्हणाला, वाऱ्यालाच विचारू. आधी त्यानं जुनं शीड चढवलं. कुजकं, ठिगळांवर ठिगळं, बघायला नको असं. ते वर गेलं, वारं शिरलं आणि गप्प झालं. इतकं गप्प, की दोराचं करकरणं ऐकू आलं आणि नांगराचा साखळदंड ताणला गेला. मग ते उतरवून अण्णांचं शीड चढवलं. पांढरंशुभ्र. त्या करड्या आभाळात ती एकच वस्तू धुतलेली दिसत होती. आणि ते फडफडायला लागलं. फाड फाड फाड. त्याला काही केल्या थांबता येईना. तांडेलानं दोर ताणला, सैल केला, पुन्हा ताणला. कापड आपलं अंग झटकत राहिलं, वाऱ्याला आत घेईना.

अण्णांनी वर बघितलंच नाही. त्यांची मान खाली, एक कान वर. मिलमध्ये शंभर मागांत कुठल्या मागाचा धागा तुटला ते कानानं ओळखणारा माणूस. त्यांनी तो आवाज ऐकला. आधीची शांतताही त्यांनीच ऐकली होती. तांडेलाच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. त्यानं शीड उतरवायला सांगितलं आणि स्वतः अण्णांच्या पायाशी पडलेल्या त्या शिडाची घडी घालू लागला. वाकड्या बोटांनी, पण घडीला घडी जुळवून.

अण्णा मला म्हणाले, "पिशवी भर. सकाळची गाडी हाय."

"आन् शिडं?"

"शिडं हायत तशी हायत. ज्याला पटत न्हाय त्यानं पांघरावीत."

"अण्णा, तुमी ऐकलं न्हवं?"

"ऐकलं."

"मंग नुसत्या गाठी सोडा. टाके मी काडतो."

ते बराच वेळ खोकले. मग माझ्याकडं बघून विचारलं, "गाठी कुनाच्या हायत?"

"तुमच्या."

"मंग झालं."

मी म्हणालो, "मी हितं राहतो."

ते वळून चालू लागले. तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं, "मंग झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेलो. त्यांनी चामड्याचा पट्टा, दाभणं, मेण, सगळं आपल्याबरोबर घेतलं होतं. मला शेडमध्ये पडलेली त्या मेलेल्या कारागिराची दाभणं तेवढी उरली. गाडी आली तेव्हा त्यांनी माझ्या हातनं पिशवी काढून घेतली आणि वर चढले. खिडकीशी बसले, पण काच बंद होती आणि काचेवर पाणी होतं.

मी शेडमध्ये आलो. पहाटे अण्णा उठून बाहेर गेलेले मी अंथरुणातनं ऐकले होते. परसाकडं गेले असतील, नाहीतर इकडं आले असतील. शीड पसरलं. एका टोकापासनं सुरुवात करून प्रत्येक शिवणीची गाठ अंगठ्यानं चाचपत गेलो. एखादी तरी सुटलेली असेल, निदान सैल असेल. पहिलं शीड संपलं, दुसरं काढलं. सगळी बघितली. एकही गाठ सैल नव्हती. अण्णांच्या हातची गाठ, ती कशी सैल असणार.

मग तांडेलाकडनं चाकू मागून आणला, खाली बसलो आणि पहिल्या गाठीत त्याचं टोक घातलं. मेणाचा दोरा, तुटेना. खाली वाकलो, दातात धरला आणि ओढला. तोंडात आमच्या घराची चव आली. तुटला तो तुकडा बाजूला थुंकला आणि दुसऱ्या गाठीकडं सरकलो.